शब्दाच्या डोक्यावर अंगठा

परळच्या इस्पितळात तळघरात रेकॉर्ड रूम.
तिथे मी चिकटले ब्याण्णव साली, वडील गेल्यावर,
अनुकंपा तत्त्वावर.
इंग्रजी बारावीपुरतं, तेही गाइडमधलं.
फायली मात्र साऱ्या इंग्रजीत,
आणि डॉक्टरांचं अक्षर म्हणजे
शाईतून बाहेर पडून पळालेलं झुरळ.

हेडक्लार्क तिरोडकर. संस्कृत घेऊन बी.ए.,
"म्हणून तळघरात," असं स्वतःच सांगायचे.
म्हणाले, "तांडेल, घाबरतेस काय?
शब्दाच्या डोक्यावर अंगठा ठेव.
खाली उरतं ते धड. ते आधी ओळखून घे.
मग अंगठा काढ
आणि बघ डोकं काय म्हणतंय."

मला हसू आलं.
माझ्या आईने जन्मभर अंगठाच तर ठेवला होता,
रेशनच्या वहीत, सोसायटीच्या कर्जावर.

तर ठेवला.
हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली.
एवढ्याशा फरकाने एकाचं बीपी चढलेलं, एकाची साखर उतरलेली.
"ग्रीकांचे हे," तिरोडकर म्हणाले,
"आणि आपले उपरि नि उप.
एकाच घरचे, वाटण्या होऊन लांब गेलेले."
पेरी म्हणजे परि, भोवतालचं:
पेरिकार्डियम, काळजाला घातलेली पिशवी.
इंटर म्हणजे अंतर्. सेमी म्हणजे सामि, अर्धं.
मग डिसेन्ट्रीची फाइल उघडून, चष्मा कपाळावर:
"डिस म्हणजे आपला दुस्, आणि पुढे आंत्र.
जुलाब ग्रीकांनाही व्हायचे, तांडेल."

पण डिस्चार्जमधला डिस निराळा,
लॅटिनचा, बाजूला सारणारा.
चार्ज म्हणजे मूळचं गाडीवर लादलेलं ओझं.
त्या दिवसापासून मी गेटवर बघत राहायचे:
थर्मास, चटई, एक्स-रेचं पाकीट, संत्र्यांची जाळी,
सगळं अंगावर लादून निघालेली माणसं,
आणि कागदावर
ओझं उतरलं म्हणून शिक्का.

एकच फाइल त्यांनी स्वतः रॅकवर ठेवली.
अननोन, पुरुष, अंदाजे चाळीस, शिवडीला रुळांजवळ.
"हा अन उसना नाही, इंग्रजांचा घरचा.
पुढचा नो म्हणजे आपला ज्ञा.
अननोन आणि अज्ञात,
हाडं मोजून घे, एकच शब्द."
मी डोक्यावर अंगठा ठेवला.
ओळख पटायला हवी होती.
नाही पटली.

तिरोडकर रिटायर झाले. री म्हणजे मागे,
टायर म्हणजे ओढणं, हेही त्यांनीच सांगितलं,
निरोपाचा वडा खाताना.
मग कॉम्प्युटर आले, रॅक गेले, वाळवी राहिली.

मागच्या फेब्रुवारीत वॉर्ड चौदाचा कागद आला.
तिरोडकर ज. वि., वय अठ्ठ्याहत्तर.
अफेजिया.
अंगठा ठेवायची गरज नव्हती.
अ तोच, त्यांचा नि आपला.
नाही म्हणायला दोघांनाही
एवढंच अक्षर पुरलं.
फेजिया म्हणजे बोलणं.

कागद घेऊन वर गेले. नियमात बसत नाही, तरी गेले.
उजवा हात चादरीवर, कुणी विसरून गेल्यासारखा.
मी म्हटलं, "सर, तांडेल."
त्यांनी कागदाकडे बघितलं, खूप वेळ,
प्रूफ तपासल्यासारखं.
मग डावा हात आला, थरथरत,
आणि अंगठा टेकला,
पण डोक्यावर नाही.
धडावर.
सगळं बोलणं झाकून
एकच अक्षर मोकळं ठेवलं, आणि ओठ उघडून म्हणाले,
"अ."

नकाराचा, की बाराखडीतला पहिला,
विचारायचं होतं.
सिस्टर ओरडल्या, वेळ संपली,
आणि फाइल नंबर लिहायचा राहिला म्हणून
मी पुन्हा जिना उतरले.